अर्ध्यावर सोडलेला चरण

कीर्तनात बुवा चरण अर्ध्यावर सोडतात. विसरतात म्हणून नव्हे, मुद्दाम सोडतात. उरलेला अर्धा मागं उभ्या असलेल्या टाळकऱ्यांनी उचलायचा असतो, आणि चांगले टाळकरी तो असा उचलतात की ऐकणाऱ्याला सांधा सापडत नाही. बुवांना दम घ्यायला सवड मिळते, टाळकऱ्यांच्या पदरात थोडं पुण्य पडतं आणि देवाचं नाव जमिनीला टेकत नाही. कुंडलच्या सप्ताहात ज्ञानू शाळेत असल्यापासून टाळकऱ्यांच्या रांगेत उभा राहायचा. हातात टाळ, कानात पेटीचा सूर आणि पुढं कुणीतरी सोडलेला चरण, एवढं मिळालं की त्याच्या तोंडून शब्द कसे धुतल्यासारखे निघायचे. एका बुवांनी तर उतरताना त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. "पोरा, तुझी उचल लय गोड हाय. जप."

कीर्तन संपलं, टाळ खाली ठेवला, की जीभ परत त्याची व्हायची. प, त, क ही अक्षरं दाराशी आडवी पडायची. मान ताणली जायची, डोळे मिटले जायचे, आणि समोरचा एकतर हसायचा नाहीतर दुसरीकडं बघायचा.

घरीही अर्धं वाक्य उचललं जायचं, पण वेगळ्या तऱ्हेनं. त्याचे वडील तानाजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हता, पण थांबणं त्यांना जमायचं नाही. लहानपणी एकदा ताटावर बसून ज्ञानू "प... प... प..." करत होता. तानाजी चुलीकडं तोंड करून ओरडले, "पाणी! पाणी म्हणायचंय त्याला. दे गं." आईनं तांब्या पुढं केला. ज्ञानूला पापड हवा होता. तो पाणी प्यायला. त्यानंतर त्या घरात ज्ञानूनं पापड म्हणून कधी मागितला नाही, आणि तानाजींचा मात्र समज पक्का झाला की पोराच्या मनातलं आपल्याला बरोबर कळतं. पाहुण्यांत ते कौतुकानं सांगायचे, "त्यानं तोंड उघडायचा अवकाश, मी वळकतो काय म्हणायचंय ते."

आता ज्ञानू बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता, आणि वडिलांसमोर आरंभापासून शेवटापर्यंत एकही वाक्य त्याचं त्यानं बोललेलं नव्हतं. देवाकडं त्याचं मागणं फार नव्हतं. घडाघडा बोलता यावं असं तो मागत नव्हता. एकदाच, वडील ऐकत असताना, एक अख्खं बोलणं. मध्ये वडिलांनी हात न घालता.

त्या वर्षी मराठीच्या सरांनी एकांकिका स्पर्धेसाठी एक जुनी कादंबरी काढून दिली, 'दंडाचं पाणी'. लेखक वारलेला होता. त्याच्या मुलाला परवानगीसाठी फोन केला, तर तो म्हणाला, "करा की. वाचतंय कोण आता?" दोन भाऊ, एक विहीर. थोरला भाऊ सखा नावाच्या आपल्या सालगड्याकडून रातोरात धाकट्याच्या शेतात पाणी नेणारा दंड, म्हणजे मातीचा पाट, फोडून घेतो आणि आळ धाकट्यावरच घालतो. पंच बसतात. सखाला सगळं ठाऊक असतं. तो मान खाली घालून बसतो, पानंच्या पानं त्याच्या डोक्यात विचार चालतात, आणि एक शब्द न बोलता तो उठून जातो. धाकटा गाव सोडतो. एवढी ती गोष्ट.

नाटक बसवायचं वीरधवलनं अंगावर घेतलं. वडिलांचा भरपूर ऊस, दारात पांढरी गाडी, आणि मळ्यात पत्र्याचं मोठं शेड, त्यामुळं तालीमही तिथंच आणि दिग्दर्शकही तोच, हे कुणी न ठरवता ठरलं. धाकट्या भावाची बायको शिवांजली करणार होती. पेटीवर मतीन. मतीन कुंडलचाच, त्याच्या वडिलांचं सायकलींचं दुकान देवळाच्या समोर. एका सप्ताहात पेटीवाला आजारी पडला तेव्हा दुकानातून मतीनला उचलून आणून बसवलं होतं, ते तो कायमचाच बसला. मतीननं सूर धरायचा आणि ज्ञानूनं चरण उचलायचा, अशी त्यांची दोस्ती.

कादंबरीचं नाटक करायला हे चौघं बसले. बाकीची दहाबारा पोरं दोघे भाऊ, पंच आणि गाव म्हणून नंतर यायची होती. टाइप करायचं काम ज्ञानूकडं आलं, कारण शुद्ध लिहिणारा तोच. मोबाइलच्या ग्रुपवर तर त्याच्यासारखा बोलका कुणी नव्हता, लांबलचक लिहायचा, कोट्या करायचा. तोंडानं बोलायचं काम पडलं की गप.

पहिल्याच दिवशी वीरधवल म्हणाला, "ज्ञान्या, बोटं कशाला झिजवतोस? माइक दाब अन् बोल. फोन आपोआप लिवतोय."

"राहू दे की रं," मतीन म्हणाला.

"आरं गंमत. शिवांजली, धर फोन त्याच्या तोंडाम्होरं."

शिवांजलीनं फोन धरला. "बोल ज्ञानू, प्रवेश पहिला."

ज्ञानू हसला आणि बोलायला गेला. फोननं लिहिलं : प पर पप पप्पा. शिवांजली हसून हसून खाली बसली. वीरधवलनं त्या अक्षरांचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला, 'आमचे लेखक' असं लिहून. मतीनही हसला, जरा उशिरा. ग्रुपवर त्या फोटोखाली सगळ्यांत आधी हसरा चेहरा टाकला तो ज्ञानूनं. आपण आधी हसलं की दुसऱ्यांचं हसणं कमी लागतं, हे तो लहानपणीच शिकला होता.

काम मात्र नेटानं चाललं. कादंबरीतले मामा, सावकार, दोन आत्या कापल्या. दीड वर्षाची गोष्ट एका दिवसावर आणली. विहीर दाखवायला पोहऱ्याचा एक दोर पुरला. अडलं ते शेवटच्या प्रकरणाला. कादंबरीत माणूस गप्प बसला तरी लेखक त्याच्या डोक्यात शिरून सांगू शकतो. रंगमंचावर गप्प बसलेला माणूस नुसता गप्प बसलेलाच दिसतो.

"रेकॉर्डिंग लावू," वीरधवल म्हणाला. "सखा बसलाय अन् मागनं आवाज. माझ्या आवाजात."

"त्यापेक्षा धाकट्याच्या बायकोला समजलेलं असू दे," शिवांजली म्हणाली. "तीच पंचांसमोर बोलंल."

"व्हय, म्हंजे टाळ्या तुला."

"आणि तुझ्या आवाजाच्या टाळ्या कुणाला रं?"

दोघांची जुंपली तेवढ्यात तिघांचेही फोन वाजले. समोर बसलेल्या ज्ञानूनं ग्रुपवर लिहिलं होतं : 'सखा देवळात टाळ धरतो, हे कादंबरीत आहेच. त्याला पंचांपुढं बोलता येत नाही, पण कीर्तन येतं. तो कीर्तनासारखं म्हणेल. अर्धी ओळ सोडेल, सवयीनं गाव उचलेल. आपण काय म्हणतोय हे गावाला कळायच्या आत गावाच्याच तोंडून खरं बाहेर पडलेलं असेल.'

तिघांनी मेसेज दोनदा वाचला.

"बाबौ," शिवांजली म्हणाली.

"करणार कोण पण?" वीरधवलनं विचारलं.

"मी," ज्ञानू म्हणाला. म हे अक्षर त्याला कधी आडवं येत नसे.

त्या रात्रीत नव्हे, पुढच्या चार-आठ दिवसांत हळूहळू त्यानं ते म्हणणं रचलं. 'पाणी थोरल्याचं नव्हं, पाणी धाकट्याचं नव्हं' इथून सुरू व्हायचं आणि 'दंड फोडला तो हात माझा, हुकूम कुणाचा?' असं सोडायचं. गावानं 'हुकूम कुणाचा, हुकूम कुणाचा' म्हणत टाळ्या धरायच्या आणि थोरला उठून उभा राहायचा. पहिलं अक्षर प घेऊ नकोस, असं मतीननं सांगून पाहिलं. ज्ञानूनं फोनवर लिहून दाखवलं : 'तेच घ्यायचं आहे.'

पहिल्या तालमीला मतीननं पेटीवर सूर धरला आणि ज्ञानूनं डोळे मिटले. पाणी हा शब्द असा आला की आला हे कुणाला कळलंच नाही. गाव झालेल्या पोरांनी ओळ उचलली. शेवटाला थोरला उठला तेव्हा शिवांजलीनं दोन्ही हात चोळले. "काटा आला बघ अंगावर." वीरधवलसुद्धा म्हणाला, "ज्ञान्या, तोडलंस की."

त्या संध्याकाळी ज्ञानूनं वडिलांना मेसेज केला. 'आबा, साताऱ्याला पहिली फेरी आहे. शेवटी माझं मोठं बोलणं आहे. तुम्ही या.'

तानाजींचं उत्तर आलं : 'किती बोलायचं आहे?'

'सगळं.'

मग एक अंगठा आला. ज्ञानूनं तो अंगठा आईला नेऊन दाखवला.

साताऱ्याच्या आधी वीरधवलनं सांगलीहून एका जुन्या दिग्दर्शकांना तालीम बघायला आणलं. त्यांनी बघितलं, चहा घेतला आणि मिशी पुसत म्हणाले, "बाकी ठीक. शेवट गुळचट झालाय. आयुष्यभर दाबलेला गडी, तो असा सुरात कसा बोलंल? तो फुटायला पाहिजे. परीक्षकांना आतडं दिसायला पाहिजे आतडं. गाणी त्यांनी लय ऐकलीत."

दुसऱ्या दिवशी वीरधवलनं ज्ञानूला संहितेच्या प्रती काढायला पलूसला पाठवलं आणि बाकीच्यांना जवळ बोलावलं.

"मतीन, साताऱ्यात शेवटाला पेटी वाजवायची न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे त्यो उभा राहिला की तू गप. अन् गावानं वळ उचलायची न्हाई. समद्यांनी नुस्तं बघत बसायचं."

"आरं, पेटीबिगर त्याला यायचं न्हाई. तुला म्हाईत हाय."

"म्हाईत हाय म्हणूनच."

शिवांजली म्हणाली, "त्याला विचारून करू या ना मग."

"विचारलं की अॅक्टिंग करंल. अन् त्याला अॅक्टिंग कुठं येतीय? त्याचं जे खरं हाय तेवढंच काढून घ्यायचं."

"त्याचं वडील येणारायत बघायला," मतीन म्हणाला.

"लय भारी. बापाम्होरं तर आणखी फुटंल."

मतीन उठला. "मी करणार न्हाई. आमच्या देवळातला पोरगा हाय त्यो."

"नगं करू. कराडचा एक पेटीवाला हाय माझ्या वळखीत." वीरधवलनं फोन काढला, नंबर शोधल्यासारखं केलं. पोरांपैकी एकानं विचारलं, "पण तसं केलं तर पहिला नंबर येतोय का?" आणि दुसरा म्हणाला, "फायनलला सांगलीत टीव्हीवालं असत्यात म्हणं."

मग शिवांजली मतीनजवळ जाऊन अगदी मायेनं म्हणाली, "हे बघ, बक्षीस त्याच्याच नावाचं येणार. एरवी त्याला कोण विचारतंय सांग? जन्मभर ज्याला लोक हसले, त्याच्याच टाळ्या पडतील. त्याच्या भल्याचंच हाय हे."

वाईट काम करायला माणसाला धाडस लागतंच असं नाही. एखादं चांगलं वाक्य हाताशी आलं तरी पुरतं. मतीन परत खाली बसला.

साताऱ्याचं नाट्यगृह कॉलेजच्या पोरांनी गच्च भरलं होतं. निघताना आईनं ज्ञानूच्या कपाळाला बुक्का लावला होता, तो त्यानं रंगवणाऱ्याला पुसू दिला नाही. पडद्याच्या फटीतून त्यानं बघितलं. चौथ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर तानाजी बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पाठ ताठ, पायाशी सैनिक कॅन्टीनच्या सामानाची पिशवी.

कीर्तनाला उभं राहण्याआधी टाळकरी एकमेकांच्या पाया पडतात. लहान मोठ्याच्या पडतो, मोठाही लहानाच्या पडतो, कारण त्या वेळी समोरच्यात कोण उभा असतो हे ठाऊक असतं. ज्ञानूला ती सवय. घंटा व्हायच्या आधी तो विंगेत एकेकाच्या पाया पडत गेला. गाव झालेल्या पोरांच्या पडला, शिवांजलीच्या पडला. वीरधवलनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "फोडायचं बरं का आज." शेवटी तो मतीनपाशी आला, वाकला. रीत अशी की मतीननंही वाकायचं. मतीन वाकला. त्याची बोटं ज्ञानूच्या पायाला लागली, आणि तिथं हवं त्याहून जास्त वेळ राहिली. ज्ञानूला वाटलं, घाबरलाय बिचारा. त्यानं मतीनच्या पाठीवर थाप मारली.

नाटक चांगलं चाललं. दोर विहिरीत गेला, धाकट्यावर आळ आला, शिवांजली अशी रडली की पुढच्या रांगेतल्या दोन मुलींनी रुमाल काढले. पंच बसले. थोरला म्हणाला, "सख्या, तुला काय म्हाईत असंल तर बोल." आणि ज्ञानू उठून पुढं आला, हात जोडले, डोळे मिटले, आणि सुराची वाट बघू लागला.

सूर आला नाही.

त्यानं डोळे उघडून मतीनकडं बघितलं. मतीनचा एक हात पेटीच्या भात्यावर होता, दुसरा पट्ट्यांवर, आणि दोन्ही हात मेल्यासारखे. भाता अडकला असेल, असं ज्ञानूला वाटलं. मतीननं घाबरून जाऊ नये म्हणून तो त्याच्याकडं बघून किंचित हसला. मग त्यानं स्वतःच हातानं टाळी धरली, एक, दोन, आणि सुरुवात केली.

"प..."

मान ताणली गेली. "प... प..." मागच्या रांगेतून कुणीतरी खिदळलं. कुणीतरी "शूऽऽ" केलं. ज्ञानूनं टाळी परत धरली. कपाळावरचा बुक्का घामाबरोबर नाकावर उतरला. "पा..." एवढं निसटलं. अर्धा शब्द बाहेर पडला होता. आता उरलेला मागच्यांनी उचलायचा. गाव काय, पेटी काय, एवढं झालं तरी पुरे होतं, एकानं जरी 'पाणी' म्हटलं असतं तरी तो त्या शब्दावर पाय ठेवून पुढं गेला असता. तो वळला. गाव त्याच्याकडं बघत बसलं होतं. सगळे एकाच पद्धतीनं बसले होते, शिकवल्यासारखे. शिवांजलीनं नजर खाली घेतली. तेव्हा त्याला कळलं की भाता अडकलेला नाही.

तो परत लोकांकडं वळला. मग त्यानं जे केलं ते अभिनय नव्हता आणि म्हणूनच मागच्या रांगेतलं खिदळणंही थांबलं. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा वर आलेल्या, एक हात हवेत टाळी द्यायला उचललेला. "पा... प... प... पा..." डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी तो थांबेना, कारण चौथ्या रांगेत आबा होते आणि एक अख्खं बोलायचं होतं.

चौथ्या रांगेत तानाजी उभे राहिले. त्यांना सहन होईना.

"पाणी!" ते ओरडले. "पाणी म्हणायचंय त्याला! पाणी!"

विंगेतून वीरधवलनं हात खाली केला आणि दिवे गेले. काळोखात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पत्रा उडावा. पोरं उभी राहून शिट्ट्या मारत होती. त्या गदारोळात ज्ञानू अजून तोंड उघडं ठेवून उभाच होता. त्याला धरून आत न्यावं लागलं.

निकालाच्या वेळी परीक्षक माइकवर आले. "पहिल्या क्रमांकाबद्दल आमच्यात वादच झाला नाही. कादंबरी मी वाचलेली आहे. त्यात सखा गप्प राहतो. इथं तो बोलू पाहतो आणि बोलू शकत नाही. आणि प्रेक्षकांतून बापासारखा उठलेला तो माणूस! लेकराच्या तोंडातला शब्द बाप काढून घेतो आणि खरं तिथल्या तिथं मरतं. दिग्दर्शकाला दंडवत. ते ज्येष्ठ नट कोण होते?"

वीरधवल पापणी न लववता म्हणाला, "सर, ते ज्ञानूचे खरे वडीलच आहेत. आम्ही मुद्दाम त्यांनाच घेतलं."

तानाजींना व्यासपीठावर बोलावलं. फौजेत वीस वर्षं काढून ज्या माणसाचं नाव माइकवरून कधी पुकारलं गेलं नव्हतं, तो वर आला, काय झालंय ते त्याला नीट उमगलं नव्हतं, पण टाळ्या आपल्यासाठी आहेत एवढं कळत होतं. त्यानं टाचा जुळवून सलाम ठोकला. टाळ्या आणखी वाढल्या. अभिनयाचं पदक ज्ञानूच्या गळ्यात पडलं आणि परीक्षकांनी माइक त्याच्या तोंडाशी धरला. "दोन शब्द?"

ज्ञानूला सांगायचं होतं. सगळ्यांसमोर, आत्ताच. "प... प..." पेटी, एवढंच त्याला आधी म्हणायचं होतं. पेटी वाजली नाही.

परीक्षक हसत लोकांकडं वळले. "बघा, अजून भूमिकेतून बाहेर आलेला नाही! याला म्हणतात नट."

नाट्यगृह पोट धरून हसलं. प्रेमानं हसलं.

परतताना तानाजींना वीरधवलनं आपल्या गाडीत पुढं बसवलं. "आवं हवालदारसाहेब, तुमीच आमचं हीरो. सांगलीच्या फायनलला यायचंच. तसंच उठायचं, तसंच म्हणायचं."

"येतो की. न यायला काय झालं?" तानाजी म्हणाले. कराड येईस्तोवर ते पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बघत होते. मग म्हणाले, "पण वीरधवल, मी जरा लवकरच उठलो असं न्हाई वाटत? अजून थोडं त्याला तसंच करू दिलं असतं तर?"

"करू दिऊ की. तुमी मनात धापर्यंत मोजा, मग उठा."

"धा कमी होत्यात. ईस मोजतो." त्यांनी घसा खाकरून हळू आवाजात म्हणून बघितलं. "पाणी. पाणी म्हणायचंय त्याला. असं खालच्या पट्टीत घ्यावं का रं ज्ञानू?"

मागच्या सीटवर ज्ञानू मतीनच्या शेजारी होता. गळ्यातलं पदक त्यानं काढलं नव्हतं, कुणी काढ म्हणालं नव्हतं. गाडी चहाला थांबली, बाकीचे उतरले, हे दोघं मात्र बसून राहिले.

"गड्या," मतीन म्हणाला. "मी... ते सगळ्यांनी मिळून ठरिवलं. तुझ्याच..." पुढचं त्याच्या तोंडून येईना.

ज्ञानू त्याच्याकडं वळला. "का...?" एवढं त्याला विचारायचं होतं. "क... क... क..."

मतीन वाट बघत होता. त्याला ते बघवेना. "काय न्हाई, असंच म्हणतोयस न्हवं?" तो घाईनं म्हणाला. "काय न्हाई झालं, व्हय ना?"

ज्ञानूनं त्याच्याकडं बघितलं आणि मान हलवली. मतीनच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. "अल्लाची कसम, लय मोठ्या मनाचा हायस तू," म्हणत तो खाली उतरला आणि ज्ञानूसाठी चहा घेऊन आला, साखर जास्त घालून, ज्ञानूला आवडतो तसा.

सांगलीच्या अंतिम फेरीला बदललेली संहिता पाठवायची होती. वीरधवलचा ग्रुपवर मेसेज आला : 'ज्ञान्या, साताऱ्याला झाला तसा शेवट टाइप करून टाक. आजच पाहिजे.' खाली शिवांजलीनं जोडलेले हात टाकले होते.

देवळात त्या दिवशी एकादशीचं कीर्तन होतं. टाळांचा आवाज सोप्यापर्यंत येत होता. टाळकऱ्यांनी निरोप पाठवला होता, ज्ञानू गेला नव्हता. तो सोप्यात बसून फोनवर शेवट काढत होता. 'हुकूम कुणाचा' आधी गेलं. मग 'दंड फोडला तो हात माझा'. मग दोन्ही भावांचं पाणी गेलं. एकेक अक्षर मागून पुढं खात तो पहिल्या प पर्यंत आला, तिथं बोट जरा थांबलं, आणि तोही गेला. त्या जागी त्यानं लिहिलं : 'सखा बोलू पाहतो. शब्द फुटत नाही. पेटी नाही. गाव बघत बसते.' आणि त्याखाली : 'प्रेक्षकांतून आवाज – पाणी! पाणी म्हणायचंय त्याला!'

तानाजी मागं येऊन उभे राहिले. नवा चष्मा लावून त्यांनी फोनमध्ये बघितलं.

"नट म्हणून माझं नाव घातलंस का?"

ज्ञानूनं फोन खाली ठेवला. उठून उभा राहिला. वडिलांच्या डोळ्यांत बघून त्यानं तोंड उघडलं. मला हे करायचं नाही, आबा. वाक्य म नं सुरू होत होतं, त्याच्या सगळ्यात भरवशाच्या अक्षरानं.

"म..." तो म्हणाला. "म... म..."

म आडवा पडला. आयुष्यात पहिल्यांदा. देवळात बुवांनी चरण सोडला आणि टाळकऱ्यांनी उचलला, ते स्पष्ट ऐकू आलं. तानाजी थांबले होते. खरंच थांबले होते, ओठ हलत होते त्यांचे, ते मनात मोजत होते. वीस झाल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"माजी! माजी हवालदार म्हणायचंय तुला. बरोबर हाय, नुस्तं नाव काय कामाचं? लाव, माजी लाव म्होरं."

ज्ञानू खाली बसला. फोन उचलला. 'प्रेक्षकांतून आवाज' याच्यापुढं त्यानं 'माजी हवालदार' लिहिलं, वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं, आणि पाठवून दिलं.

ग्रुपवर अंगठे येऊ लागले. सगळ्यांत आधी मतीनचा आला.